पायी घारापुरी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी बेटावरच्या वाटांची माहिती

गेटवे ऑफ इंडियावरून लाँचमध्ये बसणाऱ्या बहुतेकांची घारापुरी, म्हणजेच एलिफंटा बेटाची सहल, एका ठरावीक क्रमाने होते. धक्क्यावर उतरायचे, छोट्या गाडीतून पायथा गाठायचा, पायऱ्या चढून पहिले लेणे पाहायचे, महेशमूर्तीसमोर फोटो काढायचा आणि मिळेल त्या बोटीने मुंबईला परतायचे. केवळ महेशमूर्तीसाठी एवढा प्रवास केला तरी तो सार्थकी लागतो, यात शंका नाही. मात्र सुमारे अडीच किलोमीटर लांबीचे हे बेट, त्यावरच्या दोन टेकड्या, त्यांना वेगळी करणारी दक्षिणोत्तर घळ, आंबा, चिंच आणि करंजाचे रान आणि किनाऱ्यालगतचे तिवर हे सारे एका दिवसात पायी पाहता येते, आणि तसे पाहिल्यावर ही लेणी याच जागी का खोदली गेली असतील याचाही अंदाज येऊ लागतो. प्रस्तुत लेख अशा पायी फिरणाऱ्यांसाठी आहे. त्यात लेण्यांतील शिल्पांचे वर्णन थोडे आणि वाटांचे अधिक आहे.

वार, ऋतू आणि तिथी

पहिली गोष्ट वाराची. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे तो दिवस सोडूनच बेत आखावा. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत गर्दी इतकी असते की पायऱ्यांवर रांगेने चढावे लागते. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस मिळाला तर रानातल्या वाटा जवळपास मोकळ्या मिळतात.

ऋतूंमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी सर्वांत सुखाचा आहे. मार्चपासून दमट उकाडा वाढतो, पण एप्रिलच्या सुमारास करंजाला आलेली कोवळी हिरवी पालवी आणि त्यानंतर झाडाखाली पडणारा फिकट जांभळ्या फुलांचा सडा पाहायचा असेल तर घाम गाळण्याची तयारी ठेवून तेव्हाही जावे. पावसाळ्यात बेट सर्वांत देखणे दिसते, हे माझे मत आहे. घळीतून पाणी वाहू लागते, काळ्या बेसॉल्टवर शेवाळ चढते आणि टेकड्यांचा सगळा उघडा भाग हिरवा होतो. तरीही नवख्या माणसाला मी पहिल्या भेटीसाठी पावसाळा सुचवणार नाही, कारण शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो आणि बंदरात धोक्याचा बावटा लागला की बोटी केव्हाही थांबवल्या जातात. पावसाळ्यात जायचेच असेल तर आदल्या दिवशीचा हवामान खात्याचा इशारा पाहून निघावे आणि खाचा असलेल्या तळव्याचे, पकड असणारे बूट घालावेत.

वार आणि ऋतू यांच्याइतकीच महत्त्वाची, पण बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे जुने गणित असे आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. उदाहरणार्थ, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. हे गणित दोन्ही पक्षांना लागू पडते आणि त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण सहलीच्या आखणीसाठी ते पुरेसे आहे. किनाऱ्यावरचा चिखल आणि त्यातली जीवसृष्टी पाहायची असेल तर चतुर्थी-पंचमीला जावे, म्हणजे बेटावर पोहोचताना पाणी उतरलेले असते. द्वादशी-त्रयोदशीला गेल्यास हेच दृश्य दुपारी परतताना दिसते. पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि पाणी थेट तिवराच्या झाडीत शिरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

बोटीचा प्रवास

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट स्थानकावरून टॅक्सीने, बसने किंवा चालत गेटवे ऑफ इंडिया गाठता येतो. बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात आणि पायी फिरणाऱ्याने पहिल्या एक-दोन बोटींपैकीच एक पकडावी, कारण संध्याकाळी परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ ठरलेली असते आणि पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. तिकीट अधिकृत खिडकीवरूनच घ्यावे आणि परत येईपर्यंत जपून ठेवावे, कारण परतीच्या बोटीतही तेच दाखवावे लागते. वरच्या डेकवर बसण्यासाठी बोटीत थोडे जास्तीचे पैसे घेतात आणि निदान जाताना ते द्यावेत, कारण बंदराचा सारा परिसर तिथून दिसतो.

येथे नवख्यांचा एक गोंधळ होतो, तो आधीच दूर केलेला बरा. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोऱ्याची लाँच उरणजवळच्या मोरा बंदराला जाते. घारापुरी बेटावरही मोराबंदर नावाची वस्ती आहे, पण त्या लाँचचा तिच्याशी काही संबंध नाही. बेटावर जाणाऱ्याने गेटवेच गाठावा.

गेटवेपासून बेटापर्यंतचे अंतर सुमारे दहा-अकरा किलोमीटरचे असून बोटीला तासभर लागतो. वाटेत नौदलाची जहाजे, मिडल ग्राउंडचे छोटे तटबंदीचे बेट आणि पुढे तेलवाहू जहाजांसाठी धक्के असलेले जवाहर द्वीप, म्हणजेच बुचर आयलंड, लागते. नौदलाच्या जहाजांचे आणि आस्थापनांचे फोटो काढू नयेत. बोटीवर लाइफ जॅकेट मिळेल तेव्हा ते अंगात घालून पट्टे बांधावेत, नुसते मांडीवर घेऊन बसू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले, ही घटना अजून जुनी झालेली नाही. हिवाळ्यात बोटीमागे कुरवांचे थवे उडतात आणि प्रवासी त्यांना शेव, वेफर्स फेकतात. हे करू नये, ते या पक्ष्यांचे अन्न नाही.

धक्क्यावरून पायथ्याकडे

बोट शेतबंदरला लागते. येथील किनारा उथळ आणि चिखलाचा असल्यामुळे धक्का समुद्रात लांबवर बांधलेला आहे आणि त्यावरून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वेगाडी धावते. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर गाडी घ्यावी, बाकीच्यांनी मात्र हे अंतर चालतच जावे, कारण बेटाचा एक उत्तम भाग याच धक्क्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

पाणी उतरलेले असेल तर धक्क्याच्या कडेला थांबून खाली चिखलाकडे शांतपणे पाहावे. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच हालत नाही, कारण माणसाची सावली पडताच सारे जीव बिळात शिरतात. मग एकेक निवटी बाहेर येते. हा मासा छातीच्या परांवर रेटा देत चिखलातून सरकतो, मधेच उडी मारतो आणि डोक्याच्या वर आलेले डोळे फिरवत चारी बाजूंना पाहतो. तिच्या आसपास बोटाच्या पेराएवढे खेकडे असतात. त्यांतील नरांची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते आणि ती वर-खाली हलवून ते माद्यांना बोलावतात. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो काड्या सरळ वर आलेल्या दिसतात. त्या रोपट्यांच्या नसून झाडाच्या मुळांच्या आहेत आणि चिखलात हवा खेळत नसल्यामुळे झाड त्यांच्यातून श्वास घेते. तिवराचे एखादे पान हाताशी आले तर ते न तोडता त्यावरून बोट फिरवावे, पानाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण बोटाला लागतात. चिखलात उतरण्याचा मोह मात्र टाळावा, तो दिसतो त्याहून खोल असतो.

पायथ्याला ग्रामपंचायतीचा छोटा कर भरावा लागतो आणि तिथून लेण्यांकडे जाणाऱ्या शंभरहून अधिक पायऱ्या सुरू होतात. दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर ताडपत्रीचे छत आहे. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. भाव आधी ठरवून घ्यावा. काकडी, कैरी, बोरे, ताडगोळे अशी त्या-त्या मोसमातली फळे विकणाऱ्या गावातल्या बाया पायऱ्यांवर बसतात. खायचे ते तिथेच बसून खावे, हातात घेऊन वर जाऊ नये, कारण वरच्या भागात माकडांचा मोठा वावर आहे. पिशवीतून डोकावणारी बाटली किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज एवढेही त्यांना पुरते. खाण्याचे सारे सामान चेन असलेल्या सॅकमध्ये ठेवावे, माकडाने काही ओढलेच तर सोडून द्यावे आणि त्यांच्या पिलांजवळ जाऊ नये.

आधी तोफांची टेकडी

पायऱ्या संपल्यावर बहुतेक लोक थेट लेण्यांत शिरतात. माझा आग्रह असा की सकाळी आधी टेकडी चढावी आणि लेणी दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवावीत. याला दोन कारणे आहेत. टेकडीच्या माथ्यावर सावली कमी आहे, तर लेणे भर दुपारीही थंड असते. दुसरे कारण उजेडाचे आहे. माथ्यावरून मुंबई पश्चिमेला दिसते, सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या इमारतींवर ऊन पडलेले असते, दुपारनंतर मात्र तोच सूर्य डोळ्यांवर येतो आणि शहर नुसते करड्या रेषेसारखे उरते.

वर जाणारी वाट तिकीटघराच्या परिसरातून विचारून घ्यावी, स्थानिक लोक तिला तोफांची वाट किंवा कॅनन हिल म्हणून ओळखतात. चढ सोपा आहे आणि सावकाश चाललात तरी वीस-पंचवीस मिनिटांत माथा येतो. वाटेत झाडी दाट असून पायाखाली मुरूम आणि सुटे दगड आहेत, त्यामुळे उतरताना चढण्यापेक्षा जास्त काळजी घ्यावी. ऑक्टोबरमध्ये वाटेच्या कडेचे गवत उंच वाढलेले असते. त्यात पाय टाकू नये, साप असू शकतात.

माथ्यावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेल्या दोन अवाढव्य तोफा आहेत. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ही जागा का निवडली हे तिथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही: बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज नजरेच्या टप्प्यात येते. पश्चिमेला मुंबई, जवळच जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, उत्तरेला तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) टेकड्या, पूर्वेला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन आणि उत्तरेला शिवडीहून निघालेला अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा सुमारे २१.८ किलोमीटरचा पूल खाडीवरून जाताना इथून स्पष्ट दिसतो. हिवाळ्यात सकाळी शहरावर धुरके असते. तसे झाले तर दहा-पंधरा मिनिटे सावलीत बसून वाट पाहावी, ऊन चढल्यावर बरेचदा ते विरळ होते. तोफांवर चढून फोटो काढण्याची पद्धत पडली आहे. लोखंड तापलेले असते आणि पडल्यास खाली दगड आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुपारी लेणी आणि घळ

खाली उतरून पुरातत्त्व खात्याचे तिकीट घेऊन लेण्यांच्या आवारात शिरावे. पश्चिमेकडच्या टेकडीवर पाच लेणी आहेत आणि त्यांतील पहिले मोठे लेणे साधारणपणे सहाव्या शतकातले मानतात. १९८७ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मोठ्या लेण्यात उत्तरेकडून शिरले की समोरच्या दक्षिण भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी महेशमूर्ती आहे. आत शिरताच लगेच पुढे न जाता दाराशी दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात आणि मूर्ती हळूहळू उमटत जाते. या लेण्याला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडूनही अंगणे असल्याने उजेड तीन बाजूंनी येतो. पश्चिम बाजूच्या लिंगगृहाला चारी दिशांना दारे आहेत आणि प्रत्येक दारावर मोठाले द्वारपाल आहेत. अर्धनारीश्वर, गंगावतरण, कल्याणसुंदर, अंधकासुरवध, रावणानुग्रह, नटराज ही शिल्पे पाहण्यासाठी एक तास तरी हाताशी ठेवावा. शिल्पांना हात लावू नये. त्यांची मोडतोड आधीच पुरेशी झाली आहे.

मोठ्या लेण्यानंतर टेकडीच्या कडेने जाणारी वाट दुसऱ्या ते पाचव्या लेण्यापर्यंत नेते. ही लेणी अपुरी किंवा बरीच खराब झालेली असल्यामुळे लोक इथून मागे फिरतात आणि म्हणूनच इथून पुढे शांतता सुरू होते. पाचव्या लेण्यानंतर दोन टेकड्यांमधली घळ लागते. तिच्या पलीकडे पूर्वेच्या टेकडीवर, पहिल्या लेण्याच्या पातळीहून बरेच वर, सहावे लेणे आहे. लोक त्याला सीताबाईचे देऊळ म्हणतात आणि पोर्तुगीज काळात त्याचा वापर चर्च म्हणून झाला होता. तिथून उत्तरेकडे, टेकडीच्या त्याच अंगाला, सातवे लेणे आहे. ते म्हणजे एक छोटा व्हरांडा आहे. मागच्या खोल्या खोदायला घेतल्या असाव्यात आणि खडकात दोष आढळल्यामुळे काम सोडून दिले असावे असे अभ्यासक मानतात. मोठ्या लेण्यातली पूर्णत्वाला गेलेली कारागिरी पाहून आल्यावर हे अर्धवट काम जरूर पाहावे. कारागीर खडकात कसे शिरत होते आणि कुठे थांबले, हे अशा सोडलेल्या जागीच नीट कळते.

पूर्वेच्या टेकडीवर जाण्याआधी आवारातल्या रखवालदाराला विचारावे आणि वाट खुली असेल तरच पुढे जावे. एकट्याने जाऊ नये. दोघे-तिघे असावेत आणि शक्य असल्यास गावातला एखादा माहीतगार मुलगा किंवा काका बरोबर घ्यावेत. त्यांना योग्य मोबदला द्यावा, त्यांच्याकडून झाडांची आणि जागांची जी माहिती मिळते ती फलकांवर नसते. सातव्या लेण्याच्या पुढे एक जुना कोरडा तलाव, बौद्ध काळातली पाण्याची टाकी आणि टेकडीच्या उत्तरेकडच्या सोंडेवर विटांच्या स्तूपाचा उंचवटा आहे. हा स्तूप इसवीसनापूर्वीचा, म्हणजे शिवलेण्यांहून कितीतरी शतके जुना मानला जातो. वरून पाहणाऱ्याला तो गवताने झाकलेल्या ढिगाऱ्यासारखा दिसतो, पण कडेला उघड्या पडलेल्या विटा पाहिल्या की त्यांची रचना लक्षात येते. त्यांच्यावर चढू नये आणि एकही वीट जागची हलवू नये. बेटाच्या किनाऱ्यावर प्राचीन मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले आहेत, त्यांत रोमन व्यापाऱ्यांच्या मद्यकुंभांचेही आहेत. वाटेत खापर दिसले तर पाहून तिथेच ठेवावे. उचलून नेलेल्या खापराची जागा हरवते आणि जागा हरवली की त्यावरून काहीच सांगता येत नाही.

या बाजूच्या रानात माणसांचा आवाज नसल्यामुळे तांबटाची लयीतली टुकटुक आणि भारद्वाजाचा घुमणारा आवाज दुपारीही ऐकू येतो. दुर्बीण असेल तर इथे वापरावी.

गावे आणि परतीची वेळ

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही या वस्त्यांना समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज मिळाली ती २०१८ साली. वेळ उरला तर गावाच्या वाटेने दक्षिणेला राजबंदराकडे जाऊन यावे, दरीत भातखाचरे दिसतात आणि पर्यटकांची गर्दी मागे राहते. गावातून जाताना कुणाच्या अंगणात शिरू नये, बायांचे आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत आणि विहिरी-तलावांच्या पाण्यात पाय धुऊ नयेत, कारण बेटावर गोडे पाणी मोजकेच आहे. याच कारणाने प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी मुंबईहूनच आणावे आणि रिकाम्या बाटल्यांसह सारा कचरा परत न्यावा. जेवणासाठी पायथ्याशी साधी हॉटेले आहेत आणि ताज्या मासळीचे ताट मिळते, पण गर्दीच्या दिवशी ते यायला वेळ लागतो. म्हणून घळीकडे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

चार वाजेपर्यंत पायऱ्यांच्या खाली आणि साडेचारपर्यंत धक्क्यावर असावे. शेवटची बोट साधारण साडेपाचच्या सुमारास असते, पण ती भरून जाते आणि हवा बिघडल्यास वेळा अलीकडे येतात. उतरल्यावर लगेच धक्क्यावरच्या माणसाला परतीच्या बोटींच्या त्या दिवशीच्या वेळा विचारून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

दुसऱ्या दिवशी मुंबईत असाल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, दगडी हत्ती पाहून यावा. पूर्वी तो राजबंदराजवळ उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना पडून फुटला, तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले. राणीची बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात, त्यामुळे बेटाची सहल मंगळवारी करणाऱ्यांनी हत्तीसाठी गुरुवार धरावा.